ती रागावली नव्हती

काल भिगवणला उतरले आणि ओल्या मासळीचा वास आला. त्या वासासरशी तिथल्या शाळेत मी शिकवायचे तो सातवीचा वर्ग आठवला. शेवटच्या तासाला आम्ही गोष्टीचं एकच पुस्तक रोज थोडंथोडं वाचायचो. त्या दिवशीच्या पानावर मुलगा उशिरा घरी येतो आणि आई त्याला मारते.

"आईला एवढा राग का आला असेल?" मी विचारलं. काम राहिलं म्हणून, असं बहुतेकांनी सांगितलं.

मासे धरणाऱ्या घरातली रेश्मा वर्गात कधी बोलत नसे. ती हळूच उभी राहिली.

"बाई, ती रागावली न्हाय. भ्याली हुती."

"कशावरून?"

"चुलीवरचं तसंच टाकून दारात उभी हाय ती. आबा होडी घिऊन गेल्यावर माझी आई अशीच उभी ऱ्हाती."

मी तिला तेच लिहायला सांगितलं. वाकड्या अक्षरात तिनं पान भरलं. पोरगी ओळींमधलं वाचायला शिकली, याचाच मला तेव्हा आनंद झाला.

आता माझा मुलगा पुण्याहून गाडी चालवत येतो. उशीर झाला की मी फाटकाशी उभी राहते आणि तो उतरताच त्याच्यावर ओरडते. काल रात्री मी घरी परतल्यावरही त्याला उशीर झाला, पण ओरडले नाही. त्याला म्हटलं, "भ्याले होते रे."