सातवं घर

मी तळोद्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. दर बाजाराच्या दिवशी सातपुड्यातल्या पाड्यावरून एक म्हातारा चालत यायचा. औषधाची बाटली दोरीने गळ्यात अडकवलेली, तिला दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंडाचं बूच. उतारावर ती आपटू नये म्हणून तो वाटभर तिच्यावर हात धरून यायचा आणि तान्हं मूल ठेवावं तशी टेबलावर ठेवायचा. त्याचं नाव विचारायचं माझं राहूनच गेलं.

हिवतापाचं कडू औषध भरलं की मी बाटलीवर खाचांची कागदी पट्टी डकवायचो. एक खाच म्हणजे एक डोस. तो बोट टेकवून खाचा मोजायचा आणि दरवेळी खट्टू व्हायचा.

एकदा बाटली भरण्याआधीच तो म्हणाला, "दादा, आमना सात घर शेतस. तू सहाच खाचा करस. एक घर ऱ्हाई जास."

तेव्हा मला उलगडलं. शिकार वाटतात तशी तो ती बाटली साऱ्या पाड्याला वाटत होता, घरटी एक खाच.

मी म्हटलं, "बाबा, हाई एकाच माणूसनी शे. दोन दिन, रोज तीन येळ."

तो बाटलीकडे बघत राहिला. "एकला माणूस इतलं पेस?"

मला हसू आलं. बोलता बोलता माझं काम चालूच होतं. पेठेतल्या एका घरून याच औषधाची बाटली परत आली होती. दोन डोसांतच बरं वाटलं म्हणून त्यांनी बाकीचं घेतलं नव्हतं. ती विसळायला मी उरलेलं औषध मोरीत ओतू लागलो.

म्हाताऱ्याने आपली रिकामी बाटली त्या धारेखाली धरली.