ॲसिडला स्टील चालत नाही

अंबरपेठेत राहणारी त्रिवेणी छोट्या केमिकल कारखान्यांना पाइप निवडून देते. देते म्हणजे काय, लोक आधी आपल्या मनाने पाइप बसवतात आणि मग तिला बोलावतात. "मॅडम, बसवून झालंय, फक्त एक नजर टाका," हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

परक्यांचं सोडा, या वेळी सख्ख्या काकांनीच तो प्रताप केला. केशवरावकाकांनी शहराबाहेर संडास साफ करायच्या लिक्विडचं युनिट टाकलं. लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड. तिने बजावलं होतं, पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचाच घ्या. आणि तयार माल दाट असतो, तिथे दोन इंची. उद्घाटनाच्या पूजेच्या आदल्या दिवशी जाऊन बघते तर सगळीकडे चकचकीत स्टील, तेही अर्धा इंची!

"काका, ॲसिड हे स्टील खाऊन टाकेल. जोडातून फवारा उडाला तर कुणाचे तरी डोळे जातील!"

"हौ हौ, समजलं की. पण उद्या सगळे सोयरे येणार. प्लास्टिक लावलं तर न्हाणीघर वाटतंय गं. पूजा होऊ दे, मग बदलू."

"आणि अर्धा इंच? दाट माल त्यातून सरकणार तरी आहे का?"

"बारीक पाइप नाजूक दिसतोय."

नाजूक! त्रिवेणीने कपाळावर हात मारला. भांडून भांडून एवढंच पदरात पडलं की पूजेला लाइनमधून नुसतं पाणी सोडायचं.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, बटण दाबलं, पाणी खळखळून वाहिलं. सोयऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका फुलून गेले.

"थेंब गळला का? आमच्या त्रिवेणीनं पास केलंय सगळं. उद्यापासून ॲसिड!"

पंपाशी ऑपरेटर प्रकाश उभा होता. त्याचं काम त्याच पाइपांखाली. त्याने डोळ्यांवरचा सुरक्षेचा जाड चष्मा काढून खिशात टाकला. "मॅडमनी पास केलं म्हणजे टेन्शन नाही," तो हसून म्हणाला.

त्रिवेणीला संताप अनावर झाला. काकांचा, आणि कालपासून नमतं घेणाऱ्या स्वतःचाही.

"मी पास केलेलं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "या पाइपांत ॲसिड सोडलं तर माणूस आंधळा होईल."

काकांचा चेहरा उतरला. "घरच्या पोरीनं चारचौघांत असं बोलावं?" कुणीतरी पुटपुटलं.

प्रकाशने मान वर करून पाइपाकडे पाहिलं आणि घाईघाईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.