सवतीचा उतार

आमच्या भाऊजींना मी तोंडावर दगड म्हणत आले. त्यांनी कधी मनावर घेतलं नाही, आणि घेतलं असतं तरी मला कळलं नसतं. माझी थोरली बहीण त्यांना दिली तेव्हापासून या माणसाने माझ्याशी सलग दोन वाक्यं बोलल्याचं आठवत नाही. “आलीस?” आणि “निघालीस?” एवढ्यातच आमचं सगळं नातं. माझं दुकान कपडे छोटे-मोठे करून देण्याचं. दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंड वाजवायचं. त्यामुळे गप्प माणूस दिसला की माझं डोकंच फिरतं.

नोकरीही त्यांना नेमकी मिळाली, बोलावं न लागणारी. शहर संपतं तिथे पाण्याची टाकी आहे, आणि टाकीमागे एक खडकाळ उतार. त्या उताराची राखण करायची. तिथे एक रोप उगवतं, ते जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाही, असं शिकलेली माणसं सांगतात. त्याचं शास्त्रातलं नाव हातभर लांब, ते भाऊजींनाही धड म्हणता यायचं नाही. दिसायला म्हणाल तर निव्वळ गवत. वर्षातून थोडे दिवस फिकट फूल येतं, तेही गुडघ्यांवर बसून पाहिलं तर दिसेल एवढं. मी एकदा हौसेने बघायला गेले आणि म्हटलं, “अगं बाई, ह्याच्यासाठी सरकार पगार देतं?” ताई हसून हसून लोळली.

ताई त्या रोपाला सवत म्हणायची. भाऊजींना यायला उशीर झाला की म्हणायची, “बसले असतील सवतीपाशी.” सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते एक चक्कर मारायला निघाले की ही दारातून ओरडायची, “माझा नमस्कार सांगा हो तिला!” शेजारीपाजारी हसायचे. भाऊजीही हसायचे म्हणे, मी काही पाहिलं नाही.

राखण म्हणजे बंदूक घेऊन उभं राहणं नव्हे. शेळ्या हाकलायच्या, फिरायला आलेल्या पोरापोरींना पायवाटेवर ठेवायचं, कुंपणाची तार तुटली तर बांधायची. फाटकापासूनच्या पायवाटेवरचं गवत तेवढं अधूनमधून कापावं लागे. कापायला माणसं आली की भाऊजी त्यांच्या पुढे पुढे चालायचे. पायवाटेच्या कडेला जिथे जिथे रोप दिसेल तिथे एक काडी खोचायची, तिच्या टोकाला लाल चिंधी. चिंध्या माझ्याच दुकानातल्या. ताई पिशवी भरून घेऊन जायची आणि म्हणायची, “सवतीला लुगडी हवी आहेत.”

मग एका हॉटेलवाल्याच्या लक्षात आलं की टाकीपासून खालची दरी फार छान दिसते. त्याला वरपर्यंत रस्ता हवा होता, आणि रस्ता जाणार उताराच्या पोटातून. भाऊजींच्या ऑफिसातल्या मॅडम वयाने माझ्याहून लहान, पण हट्टाला पेटल्या की कोणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत. त्यांनी वरच्या ऑफिसात हेलपाटे घालून उतारावर तात्पुरती बंदी आणली. खणायचं नाही, बांधायचं नाही, जनावरं सोडायची नाहीत, पायवाट सोडून गवताच्या पात्यालाही हात लावायचा नाही. हॉटेलवाला कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, आमची समिती जागेवर जाऊन बघेल, रोप खरंच आहे का ते. मग एकदाचं ठरवू. बंदी कायमची झाली तर उतार वाचला, नाहीतर बुलडोझर आलाच म्हणून समजा.

समिती यायच्या त्याच आठवड्यात ताई गेली.

दुपारी कपडे वाळत घालताना छातीत कळ आली, तशीच खाली बसली, आणि शेजारीण धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. उतारावर फोन लागत नाही. शेवटी शेजारणीचा नवरा मोटारसायकल घेऊन गेला आणि ओरडून सांगितलं. त्याने मला नंतर जे सांगितलं, ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं, काठी जागेवर ठेवली, कोपऱ्यातली तार ओढून पाहिली, फाटकाला कुलूप लावलं, ते दोनदा हिसडून बघितलं, आणि मग मागे बसले. माझी बहीण इथे मरून पडलीय आणि हा माणूस कुलूप हिसडतोय!

मी दुकान बंद ठेवलं आणि त्यांच्या घरी राहायला गेले. त्यांना मूलबाळ नाही. दुसरं कोण होतं त्यांच्याजवळ? मी रडून रडून डोळे सुजवून घेतले. हे आपले चहा दिला की पितात, कप विसळून पालथा घालतात, आणि खिडकीशी बसतात. कोणी भेटायला आलं तर “या” म्हणतात. कोणी “ताई गेल्या, फार वाईट झालं” म्हटलं तर “हो” म्हणतात, जणू बस गेली. मी भांडी आपटली, टोमणे मारले, एकदा तर तोंडावर म्हटलं, “भाऊजी, ती तुमची बायको होती, भाडेकरू नव्हे.” त्यावरही “हो”च.

चार दिवसांनी सकाळी उठून बघते तर हे गणवेश चढवून दारात.

“कुठे निघालात?”

“ड्यूटी.”

“अहो, रजा आहे ना तुम्हाला?”

“घरी काय करू?” म्हणाले आणि गेले.

पुढचं मला गवत कापणाऱ्यांच्या मुकादमाने सांगितलं. मोठी माणसं येणार म्हटल्यावर कुठल्याही ऑफिसात जे होतं तेच तिथे चाललं होतं. फाटकाला रंग, कडेच्या दगडांना चुना, टाकीच्या भिंतीवरची नावं पुसणं. कापणारा माणूस आला नव्हता. मुकादम म्हणाला, “काका, तुम्हीच जरा मशीन फिरवता का? पाहुणे येतायत, तेवढं साफ दिसू दे.” त्याच्या मनात होती पायवाट. फक्त पायवाट, हे भाऊजींना सांगायची गरजच कधी पडली नव्हती. त्याने मशीन चालू करून हातात दिलं आणि तो चुना आणायला खाली गेला.

परत येऊन बघतो तर भाऊजींनी पायवाट साफ केली होती. पायवाटेची कड साफ केली होती. तिथून पुढे ते वर चढत गेले होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत, अगदी नीट, ओळीने. सगळा उतार भादरून टाकला होता. काड्या मोडून पडल्या होत्या, चिंध्यांचे तुकडे गवतात मिसळले होते. फुलं नुकतीच झडून रोपांना बी धरलं होतं, तेही त्यातच गेलं. मुकादमाने ओरडून ओरडून घसा फोडला. शेवटी त्याने मागून जाऊन मशीनचं बटण बंद केलं, तेव्हा ते थांबले.

संध्याकाळी मी विचारलं, “काय केलंत हे? का केलंत?”

म्हणाले, “आवाज बरा वाटत होता.”

“कसला आवाज?”

“मशीनचा. दुसरं काही ऐकू येत नव्हतं.”

मी उठले आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, सोबत ऑफिसचे वकील. मॅडमच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. त्या ओरडल्याही नाहीत. खुर्चीत बसल्या आणि नुसतं पाणी मागितलं. वकील मात्र मुरलेला माणूस. तो म्हणाला, “काका, हॉटेलवाल्याच्या माणसांनी तुम्हाला आधी धमकावलंय, खरं ना? मग उद्या समितीपुढे एवढंच सांगायचं. तुम्ही दुःखात होता, घरी होता, मागे कोणीतरी येऊन कापून गेलं. कोणी ते तुम्ही सांगूच नका. ते आपोआप समजतील.”

मला तर ते एकदम पटलं. तो हॉटेलवाला काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. त्याच्या माणसांनी दोनदा तार तोडली होती. एवढ्याशा खोट्याने उतार वाचत असेल आणि यांची नोकरीही राहत असेल, तर काय बिघडलं? मी म्हटलं, “भाऊजी, जन्मात एकदा तोंड उघडताय तर कामाचं बोला.” मॅडम हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. खाली बघत राहिल्या.

भाऊजी “बरं” म्हणाले. वकील खूश होऊन गेला.

समिती आली त्या दिवशी मी डब्याचं निमित्त करून उतारावर गेले. एक निवृत्त न्यायाधीश, पांढऱ्या टोपीतले. एक झाडांच्या जाणकार बाई, कमरेला पिशवी लावलेल्या. तिसरे कोणी अधिकारी, सारखे घड्याळ बघणारे. हॉटेलवाल्याचा वकील तर खुशीत गाजरं खात होता. हात पसरून म्हणाला, “साहेब, बघा. कुठाय रोप? ज्याची राखण करायची तेच नाही, मग बंदी कशावर?”

न्यायाधीशांनी भाऊजींना पुढे बोलावलं. “हे कोणी कापलं?”

आमचा वकील खोकला. मी मनात म्हटलं, बोला, घरी होतो म्हणा.

“मी,” भाऊजी म्हणाले. “मशीनने. सगळं.”

नंतर लोक म्हणाले, काय सच्चा माणूस! नोकरीची पर्वा केली नाही! कसलं काय. खोटं बोलायलाही अंगात जीव लागतो. त्यांच्या अंगात तो नव्हता, मी समोर उभी राहून बघत होते ना. कोणी नाव विचारलं असतं तर ते त्याच आवाजात सांगितलं असतं.

“का कापलं?” न्यायाधीशांनी विचारलं. “कोणी सांगितलं होतं? पैसे दिले कोणी?”

भाऊजी गप्प. न्यायाधीश चिडले. “तुम्हाला कळतंय का, हा गुन्हा आहे? कारण काय?”

यांची नजर कुठेतरी टाकीच्या पाइपाकडे. मला राहवलं नाही. हातातला डबा तसाच घेऊन मी पुढे झाले आणि ओरडले, “अहो, बायको मेलीय त्यांची! याच आठवड्यात! कारण काय विचारता?”

शिपाई मला मागे ओढायला लागला. न्यायाधीशांनी हाताने त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळून ताईचं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. भाऊजी मात्र माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी दुसऱ्याच कुणाच्या घरची बातमी सांगतेय.

तेवढ्यात त्या झाडांच्या बाई खाली बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून खुरपं काढलं, कापलेल्या पात्यांच्या बुंध्याशी माती हलकेच उकरली आणि लसणाच्या पाकळीएवढा कंद दाखवला. त्या म्हणाल्या, “हा जिवंत आहे. यंदाचं बी गेलं, ते मोठं नुकसान आहे. पण कापल्याने वरचं गेलं, खणलं तर खालचंही जाईल. मग कायद्याने राखायला काहीच उरणार नाही.” हॉटेलवाल्याचा वकील काही बोलायला लागला, तर घड्याळवाले अधिकारीच म्हणाले, “आता पुरे.”

ऑफिसने भाऊजींना घरी बसवलं. निकाल यायला बरेच दिवस गेले. मी सकाळी माझ्या दुकानात जायची आणि संध्याकाळी त्यांच्याकडे परतायची. ते खिडकीशी असायचे. एकदा मी रागाच्या भरात विचारलंच, “ती एकटी गेली आणि तुम्ही त्या रोपाजवळ होता, म्हणून कापलंत का? सूड उगवलात?” त्यांनी खूप विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, “राग यायला हवा होता, नाही का? तोही आला नाही.” ते ऐकून मला त्यांची भीती वाटली. खरंच सांगते, हा माणूस असाच बसून बसून संपणार, असं वाटायला लागलं. ताईच्या माघारी हेही गेले तर मी कोणावर चिडणार होते?

निकाल घेऊन मॅडम स्वतः घरी आल्या. डोळे भरलेले, पण चेहरा हसरा. “काका, उतार वाचला! कायमचा. आता कोणी फावडंही टेकवू शकत नाही.”

“बरं,” भाऊजी म्हणाले.

“पूर्ण वाचून दाखवते. तुमच्याबद्दलही आहे त्यात.” त्या अडखळल्या. “थोडं वाईट आहे.”

त्यांनी वाचायला घेतलं. कोर्टाची भाषा, अर्धी माझ्या डोक्यावरून गेली. चतुःसीमा, कलमं, बंदी. मग भाऊजींवर आले. सदर कर्मचाऱ्याने संरक्षित जागेतील रोपे कापल्याचे स्वतः कबूल केले आहे. सदर कर्मचाऱ्याची पत्नी, आणि इथे ताईचं नाव, तिचं, त्यांचं आणि आडनाव, असं सगळं, घटनेच्या चार दिवस आधी मयत झाली होती, ही बाब विचारात घेऊन अन्य शिक्षा देण्यात येत नाही. तथापि यापुढे सदर कर्मचाऱ्यास या जागेत प्रवेश करण्यास कायमची मनाई करण्यात येत आहे.

मॅडमचा आवाज शेवटी चिरकला. “मी अर्ज करणार आहे, काका. ही मनाई उठवायला मी स्वतः—”

“पुन्हा वाचा,” भाऊजी म्हणाले.

मॅडमनी डोळे पुसले. “यापुढे सदर कर्मचाऱ्यास या जागेत—”

“ते नको. त्याच्या वरचं.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग वरची ओळ वाचली. ताईचं नाव, आणि पुढे तो शब्द.

“मयत,” भाऊजी म्हणाले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, विचारल्यासारखं.

इतके दिवस आम्ही सगळे ‘गेली’ म्हणत होतो. गेली, गेल्या, गेली बिचारी. त्यांच्यासमोर दुसरा शब्द मी एकदाच उच्चारला होता, तोही परक्या माणसांवर ओरडताना. मी त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले. “हो भाऊजी,” म्हटलं. “ताई मेली.”

त्यांचा खालचा ओठ हलायला लागला. मग खांदे. मग असा काही आवाज निघाला की मॅडम घाबरून उभ्या राहिल्या. त्या निकालाचे कागद घाईघाईने मिटायला लागल्या, तर भाऊजींनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“मिटू नका,” ते म्हणाले. “वाचा. तिचं नाव वाचा.”

मॅडमना वाचवेना. मग तो कागद मी घेतला आणि वाचला.