मास्तर मूर्तीची पाठ बघायचे

डॉमनिक मास्तर कुठल्याही देवापुढं आधी हात जोडायचे नाहीत, मागं जाऊन पाठ बघायचे. आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत गणपती बसला की हा माणूस मखराच्या मागं. पोरं विचारायची, "मास्तर, वायर शोधताय काय?" ते म्हणायचे, "पुढून देव दिसतो रे. मागून माणसं दिसतात. कुणी घडवला, कुठं फुटला, कुणी सांधला."

चित्रकलेचे मास्तर, वसईकडचे ख्रिश्चन. समोरच्या फ्लॅटात राहायचे, आता मुलीकडे गेलेत. मी मार्केटात पोती वाहिलेला माणूस. रिटायर झाल्यावर मास्तरांनी एकच काम धरलं, वांद्र्याच्या मोत माउलीचा, म्हणजे माउंट मेरीचा इतिहास. ती कोळ्यांना समुद्रात सापडली म्हणतात, नवसाला पावते म्हणतात. मास्तर जुनी पुस्तकं, फोटो, कोळणींच्या गोष्टी गोळा करायचे.

मी म्हणालो, "मौत कसलं नाव हो देवीचं?"

"मौत नाही, मोत. पोर्तुगीजांचा मोंत, म्हणजे डोंगर. बहुतेक."

त्यांचं ते 'बहुतेक' कधी सुटलं नाही.

माझ्या बायकोला, सुशीलाला, पोटाचा कॅन्सर झाला. तिला माउलीला मेणबत्ती लावायची होती. आधी तिनं मास्तरांना बोलावलं. "भाऊजी, तुमी एवढं वाचलंय. खरं सांगा, पावती का ती?"

मी तिच्या मागून खुणा केल्या, हो म्हणा. हा माणूस म्हणाला, "वहिनी, लोक पावली म्हणतात, एवढं पक्कं. पुढचं मला सापडलं नाही."

माझं डोकं फिरलं. सुशीला मात्र हसली. "हो म्हणाला असतात तर मन धरताय म्हटलं असतं मी. चला आता."

तिघं टॅक्सीनं गेलो. ती मेणबत्ती लावत होती आणि मास्तर गर्दीत मान वाकडी करून मूर्तीची पाठ शोधत होते. परतताना ती त्यावरच हसत होती.

दिवाळीच्या आधी ती गेली.

मास्तर आले. धीर धरा वगैरे काही नाही. भिंतीवरची तिची फ्रेम काढली, उलटी करून बघितली. मग सुलटी केली, हार सारला, चष्मा लावला.

"हा फोटो कशातनं कापलाय?"

"पुतणीच्या लग्नातल्या फोटोतनं."

"खांद्यावर बोटं आहेत. कुणाची?"

मी बघितलं. फोटो मोठा करणाऱ्यानं मला कापलं होतं, बोटं तेवढी राहिली होती. लग्नात फोटोवाल्यानं ठेव म्हटलं म्हणून चारचौघांत एकदाच ठेवलेला हात. त्याच्यावरच मी रोज हार घालत होतो.

"माझी," मी म्हणालो.

"बहुतेक?"

"बहुतेक कसलं? माझीच."

मास्तरांनी फ्रेम परत खिळ्याला अडकवली. "मग हार जरा खाली घाला."

आता खालीच घालतो.