उघडलास का तो लिफ्टर?

विनयने माझ्या नवऱ्याला, नितीनला, शर्यतीतून बाद केलं होतं.

आज सकाळी त्सुकुबाहून फोन आला. विनय गेला.

दोन हजारच्या दशकात IT च्या लाटेत आम्ही जपानमध्ये ग्योतोकुला आलो. नितीनचा मित्र विनय त्सुकुबाला postdoc, इंजिनातल्या तेलावर research. सुट्टीच्या दिवशी drag race च्या, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीच्या, ट्रॅकवर गाड्या तपासणारा इन्स्पेक्टर. हौस, दुसरं काय!

नितीनने ऑफिसातल्या मित्राबरोबर एक जुनी अमेरिकन गाडी घेतली. Stock class मध्ये पळवायची, म्हणजे इंजिन कंपनीने दिलं तसंच हवं.

"नित्या, एकदा उघडून बघ," विनय म्हणाला होता. "आधीच्या मालकाने काय केलंय कुणास ठाऊक."

नितीन पक्का IT वाला. "चालतंय ना? मग हात लावायचा नाही."

आणि गाडी जिंकली की.

जिंकलेल्या गाडीचं इंजिन उघडतात. विनयने आतून अंगठ्याएवढी एक पोलादी डबी काढली. मला नसत्या चौकशा फार. विचारलंच, "हे काय?"

"लिफ्टर, वहिनी. याच्यामुळे व्हॉल्व्ह उघडतो. तेल काढून दाबलं की आतला दट्ट्या खाली गेला पाहिजे. नाही गेला, तर कुणीतरी आत गडबड केलीय. मग इंजिन जास्त वेगाने फिरतं."

"मी दाबू?"

"तुम्ही नाही. नियम आहे."

त्याने दाबला. जाईना.

पुन्हा तेल निथळवलं, पुन्हा दाबला. ढिम्म.

घरी 'नित्या' म्हणणारा माणूस ताठ उभा राहिला. "नितीन-सान," म्हणाला, जपानीत निकाल सांगितला आणि कमरेत वाकला.

नितीन लिफ्टर खिशात घालून परत आला. "तेल अडकलं असणार आत. फार शहाणा समजतो स्वतःला."

पुढच्याच रविवारी शहाणा आमच्याकडे थालीपीठ खायला हजर.

"उघडलास का तो लिफ्टर?"

"वेळ कुठाय."

मग हे कायमचंच झालं. वाढदिवसाच्या फोनवर, गणपतीत, अगदी शेवटी त्याच्या हॉस्पिटलच्या बेडवरूनसुद्धा.

"उघडलास का रे?"

"बघू."

खरं तर मलाच जास्त उत्सुकता होती. पण लिफ्टर ठेवलेल्या ड्रॉवरला नितीन हात लावू देईल तर शप्पथ.

आज फोन ठेवला आणि नितीन सरळ ड्रॉवरकडे गेला. माझ्याकडून सेफ्टी पिन मागून घेतली. तोंडाशी बसवलेली बारीक तारेची रिंग काढली. दट्ट्या बाहेर आला.

त्याच्या खाली एक पोलादी चकती. दट्ट्या खाली जाऊ नये म्हणून कुणीतरी मुद्दाम बसवलेली.



नितीन उठला आणि त्या चकतीसमोर कमरेत वाकला.

"उघडला रे," म्हणाला, आणि रडायला लागला.

विनय, तुझंच बरोबर होतं. तुला आम्हा दोघांचा नमस्कार.