घर कोणाला मिळते, हे विचारणाऱ्या शैलजाताई

डॉ. शैलजा उकिडवे यांना मी पहिल्यांदा भेटले ती नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या विद्यापीठात, त्यांच्या खोलीच्या दारात. माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या आणि रडू आवरत नव्हते. नाशिकला वास्तुकलेची पदवी घेऊन मी नगररचनेच्या पुढच्या शिक्षणासाठी त्याच सकाळी येऊन पोहोचले होते. इंटरनेटवरून ठरवलेल्या खोलीच्या पत्त्यावर गेले, तर तिथे सायकलदुरुस्तीचे दुकान. दुकानदाराने हात पुसत सांगितले की अशी खोली शोधत आलेली या महिन्यातली मी चौथी. विद्यापीठाच्या कार्यालयात वसतिगृहे भरल्याचे कळले. तिथल्या बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवून सांगितले, तुमची भाषा बोलणाऱ्या एक प्राध्यापक वर बसतात.

शैलजाताईंनी माझी हकिकत शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारले, "जेवलीस का?"

"नाही, मॅडम."

"इथे मॅडम कोणी नाही. ताई म्हण. तू घरटंचाईवर प्रबंध लिहायला आलीस ना? मग पहिले प्रकरण आजच झाले असे समज."

त्या दिवसात मी पहिल्यांदा हसले.

पुढचे तीन महिने मी त्यांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाबरोबर दोन पानी भाडेकरार टेबलावर ठेवला. मी संकोचून म्हटले, "ताई, करार कशाला? थोडे दिवस पाहुणी म्हणून राहते."

"पाहुणीला खेमेंटेत नाव नोंदवता येत नाही," त्या म्हणाल्या. खेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. "नाव नोंदवले नाही तर बँकेत खाते नाही, डॉक्टर नाही. शिवाय पाहुणीला मी उद्या जा म्हणू शकते, भाडेकरूला म्हणू शकत नाही. तुझा हक्क कागदावर असू दे."

भाडे नावापुरते होते, पण करार त्या अक्षरशः पाळत. स्वतःच्याच घरातल्या त्या खोलीत त्या एकदाही दार वाजवल्याशिवाय आल्या नाहीत. कायदा आणि माया यांत त्यांना कधी विरोध दिसला नाही. पुढे त्यांच्या हाताखाली काम करताना हे मला वारंवार जाणवत राहिले.

ताई मूळच्या मुंबईच्या. तिथे नगररचना खात्यात काही वर्षे नोकरी करून त्या शिष्यवृत्तीवर नेदरलँड्सला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांनी आयुष्यभर एकच प्रश्न हाताळला. शेजारशेजारच्या देशांत विटा सारख्या, सिमेंट सारखे, पगारांतही फार अंतर नाही, तरी एका देशात तरुण जोडप्याला घर मिळते आणि दुसऱ्या देशात ते तिशीपर्यंत आईवडिलांकडे राहते, असे का? व्हिएन्ना शहराने स्वतः घरे बांधली आणि विकून न टाकता ती हातात ठेवली. जर्मनीत जन्मभर भाड्याने राहण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. स्पेनमध्ये घरे भरपूर बांधली गेली, पण बहुतेक विकण्यासाठी. नेदरलँड्समध्ये नगरपालिका जमीन आधी आपल्या ताब्यात घेत आणि मग तिथे कोणासाठी काय बांधायचे ते ठरवत. या सगळ्याची सांगड ताई विद्यार्थ्यांना इतक्या सोप्या शब्दांत घालून देत की विषय अवघड असल्याचे परीक्षेच्या दिवशीच लक्षात येई.

'सरकार विरुद्ध बाजार' अशी मांडणी कोणी केली की त्या लगेच थांबवत. "बाजार आकाशातून पडत नाही," त्या म्हणत. "जमीन कोणाची, बांधायला परवानगी कोण देणार, कर्जावर करसवलत कोणाला, हे सगळे माणसांनी ठरवल्यावर जे चालते त्याला आपण बाजार म्हणतो. मग ठरवणारे कोण, ते आधी शोधा."

आणि शोधायचे म्हणजे चालत जाऊन. कोणत्याही शहरात गेलो की त्या आधी एखाद्या इमारतीच्या जिन्यात शिरत. घंटीजवळची नावे वाचत, खाली किती बाबागाड्या उभ्या आहेत ते मोजत. व्हिएन्नात एकदा एका आजींनी आम्हाला जिन्यात हटकले. कोणाला शोधताय, असा त्यांचा करडा सवाल. ताईंनी जर्मनमध्ये उत्तर दिले, "कोणालाच नाही. तुम्हाला हे घर कसे मिळाले, एवढेच विचारायचे आहे." पुढचे दोन तास आम्ही आजींच्या स्वयंपाकघरात आलुबुखारचा केक खात बसलो होतो, आणि त्या जिन्यावरच्या चार कुटुंबांचा इतिहास माझ्या वहीत उतरला होता.

परंतु ताईंबद्दलचा माझा आदर ज्या प्रसंगाने कायमचा पक्का झाला, तो वेगळा आहे. तो सांगायला मी त्यांची परवानगी घेतली आहे.

मी तेव्हा त्यांची संशोधन साहाय्यक होते. अनेक देशांच्या तुलनेचा मोठा अहवाल तयार होत होता. ताई त्याच्या मुख्य लेखिका होत्या. त्यातल्या एका प्रकरणाचा निष्कर्ष असा होता की एका देशाने बांधकाम परवानगीचे नियम सैल केले आणि तिथली स्वस्त भाड्याच्या घरांची प्रतीक्षायादी झपाट्याने आखडली. म्हणजे नियम सैल केले की गरजूंना घरे मिळतात. पुढच्याच आठवड्यात ब्रुसेल्सला निरनिराळ्या देशांच्या अधिकाऱ्यांपुढे तो मांडायचा होता.

तळटिपा तपासताना त्या देशाचा एक जुना आदेश माझ्या हाती लागला. पूर्वी तिथे यादीत कोणीही नाव घालू शकत असे. त्याच सुमारास नियम बदलला, आणि ज्या-त्या गावात काही वर्षे राहिलेल्यांचीच नावे ठेवून बाकीची काढून टाकली गेली. यादी आखडली होती ती त्यामुळे. इथे नेदरलँड्समध्ये उलट, गरज असो वा नसो, मुले अठरावे वर्ष लागताच यादीत नाव घालून ठेवतात. दोन्ही याद्यांची तुलनाच चुकीची होती.

मी दोन दिवस गप्प राहिले. आपणच काहीतरी चुकत असू, असे स्वतःला समजावून पाहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी ताई पाव-चीज खात असताना तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"हे तू कधी पाहिलेस?"

"परवा."

"मग दोन दिवस काय करत होतीस?"

"धीर गोळा करत होते."

"दोन दिवस वाया गेले," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी लगेच सांग."

त्यांनी सहलेखकांना फोन लावले. त्यांतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सुचवले की तळटीप घालू, इतक्या आत जाऊन कोण बघणार? ताई म्हणाल्या, "ज्यांची नावे काढली गेली, त्यांना ते दिसतेच आहे."

ब्रुसेल्सला त्या उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या की या प्रकरणाचा निष्कर्ष चुकीचा आहे, चूक माझी आहे, ती माझ्या साहाय्यिकेने शोधली आणि तीच आता ती समजावून सांगेल. हे मला आधी ठाऊक नव्हते. पंधरा मिनिटे मी काय बोलले ते आज आठवत नाही. ताई पहिल्या रांगेत बसून टिपणे घेत होत्या, एवढे मात्र आठवते.

याचे परिणाम झाले. अहवाल जवळजवळ वर्षभर लांबला. पुढच्या टप्प्याला साहाय्य करू पाहणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांच्या एका संघटनेने अंग काढून घेतले, आणि निवृत्तीपूर्वी ताईंना करायचे असलेले एक मोठे काम राहून गेले. त्यांनी हे मला कधी बोलून दाखवले नाही, मला ते दुसऱ्यांकडून कळले. परतीच्या गाडीत त्या एवढेच म्हणाल्या, "तू फार भरभर बोलतेस. मध्ये श्वास घेत जा."

ते प्रकरण आम्ही नव्याने लिहिले. यादीत किती नावे आहेत याऐवजी वर्षभरात किती कुटुंबांच्या हातात किल्ली पडली आणि ती कोणाच्या, असे मोजले. आज मी ज्या नगरपालिकेच्या गृहनिर्माण विभागात काम करते, तिथे दर वर्षी आम्ही हाच तक्ता आधी मांडतो.

निवृत्तीनंतर ताई हार्लेमला, मुलीच्या घराजवळ राहायला आल्या. नातू डचमध्ये बोलतो आणि ताई मराठीत उत्तर देतात. दोघांचेही काही अडत नाही. स्वयंपाकात मात्र त्यांनी फारशी प्रगती केलेली नाही. त्यांच्या साबुदाण्याच्या खिचडीबद्दल, त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात न लिहिणेच योग्य.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. मी डीमनला राहते. आमच्या वसाहतीशेजारच्या एका रिकाम्या ऑफिसच्या इमारतीत लहान लहान घरे करायची योजना आली. विद्यार्थी, नव्याने आलेले निर्वासित आणि पहिलीच नोकरी लागलेली मुले तिथे राहणार होती. आमच्या इमारतीतल्या मराठी मंडळींनी हरकतीचे पत्र तयार केले. पुढाकार निखिलचा. तो पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, मनाने चांगला. ताईंची सही मिळाली तर पत्राला वजन येईल, म्हणून त्याने त्यांना चहाला बोलावले.

"ताई, आमचे पॉइंट्स टेक्निकली बरोबर आहेत," निखिल म्हणाला. "पार्किंग, गर्दी, फ्लॅटची व्हॅल्यू."

ताईंनी पत्र नीट वाचले, डचमधल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि मग विचारले, "तुम्ही सगळे या देशात आलात, तेव्हा पहिले घर कसे मिळाले?"

एकेक जण सांगू लागला. कोणी चार महिन्यांत पाच जागा बदलल्या होत्या, कोणाच्या घरमालकाने नाव नोंदवू दिले नव्हते. निखिलची बायको रश्मी पोटुशी असताना दोघे एका मित्राच्या हॉलमध्ये राहत होते. ते सांगता सांगता रश्मी थांबली आणि म्हणाली, "निखिल, आपली ही बिल्डिंग पण आधी ऑफिसच होती ना?"

मग निखिल म्हणाला, "तेव्हाही कोणीतरी हरकत घेतली असेल."

"घेतली होती," ताई म्हणाल्या. "ती फाइल मी वाचली आहे. पार्किंग, गर्दी, फ्लॅटची व्हॅल्यू."

सगळ्यात आधी निखिलच हसला. पत्र त्याच टेबलावर बदलले गेले. हरकतीऐवजी सायकलींसाठी जागा, हाउसआर्ट्सचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचा, दवाखाना आणि शाळेत वाढीव जागा अशा मागण्या आल्या. दोन कुटुंबांना हे पटले नाही. त्यांनी वेगळे हरकतपत्र पाठवायचे ठरवले, तेव्हा ताईंनी त्यांनाही मुदत कधी संपते आणि पत्र कुठे द्यायचे ते लिहून दिले. आज ती इमारत माणसांनी भरली आहे. दवाखान्याची मागणी अजून मान्य झालेली नाही, आणि निखिल तिचा पाठपुरावा चिकाटीने करतो आहे.

पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर ताईंनी आता नवे काम अंगावर घेतले आहे. वय झालेल्या, चार वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या अकरा मैत्रिणी मिळून हार्लेमला एक इमारत उभारत आहेत. प्रत्येकीचे घर स्वतंत्र, बाग आणि जेवणाची खोली सामायिक. जमिनीसाठी नगरपालिकेशी सात वर्षे पत्रव्यवहार चालला होता. या ग्रंथासाठी छायाचित्र मागायला मी गेल्या आठवड्यात फोन केला, तेव्हा त्या घाईत होत्या. जमीन मंजूर झाली होती आणि कोणाच्या खिडकीत दुपारचे ऊन येणार यावर बैठकीत वाद पेटला होता. "छायाचित्राचे नंतर बघू," त्या म्हणाल्या, "आत्ता मला मतदान घ्यायचे आहे."

ताई, ती इमारत वेळेवर पूर्ण होवो. तिच्यात तुम्ही ठणठणीत तब्येतीने पुष्कळ वर्षे राहा. तुमच्या वाट्याला उन्हाची खिडकी येवो, आणि नाही आली तरी शंभराव्या वर्षापर्यंत तुम्ही दर बैठकीत तो ठराव पुन्हा मांडत राहा. तुम्हीच शिकवल्याप्रमाणे, विरोधी मत लगेच नोंदवायला आम्ही सगळे हजर राहू.