तिसऱ्या मॉनिटरवरची विंडो

ऑफिसात त्याला सगळे नेपथ्यकार म्हणत, कारण त्याची मांडामांड कधी संपत नसे आणि नाटक काही सुरू होत नसे. टेबलावर तीन मॉनिटर. कोड लिहायच्या एडिटरची कुठली विंडो कुठल्या मॉनिटरवर, कुठल्या कोपऱ्यात उघडावी, हे ठरवणारा प्रोग्राम लिहिण्यात त्याने अख्खा महिना घातला. शेजारच्या बाई एकाच छोट्या स्क्रीनवर काम उरकून पाचच्या ठोक्याला घरी जात. त्याला त्यांची कीव यायची.

महिनाअखेरीस साहेबांनी काम दाखवायला बोलावलं. तो मॉनिटरना जोडलेला लॅपटॉप सोडवून ऐटीत केबिनमध्ये गेला, फाईल उघडली, पण स्क्रीनवर काहीच दिसेना. प्रोग्रामने इमानेइतबारे विंडो तिसऱ्या मॉनिटरच्या जागी उघडली होती, आणि तो मॉनिटर बाहेर टेबलावर राहिला होता.

"विंडो आहे साहेब, फक्त स्क्रीनच्या पलीकडे, उजवीकडे," तो घाम पुसत म्हणाला. साहेब मान वळवून उजवीकडच्या भिंतीकडे बघत राहिले.

शेवटी शेजारच्या बाईंना बोलावलं. त्यांनी दोन-तीन बटणं दाबून विंडो स्क्रीनवर आणली. फाईलमध्ये एकच ओळ होती: 'काम इथून सुरू करायचं.'

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "ही भिंतीवरच बरी होती."